कंपनीचा शेवटचा हिशोब, ईएसआयचा बेकारी भत्ता आणि पोटगी: रिटर्नमध्ये काय, कुठे दाखवायचं?

महाड_कामगार_मदत (प्रश्न)

महाड एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीने ३० सप्टेंबर २०२५ ला दोन प्लांट बंद केले आणि माणसं कमी केली. आता २०२५-२६ चं रिटर्न भरायची वेळ आली आहे. पोलादपूर, मंडणगड, दापोलीकडच्या बऱ्याच जणांचे प्रश्न सारखेच आहेत, म्हणून दोघांचे आकडे मांडतो.

पहिला ऑपरेटर. एकूण पगार महिना २०,०००, त्यात बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १४,०००. नोकरी ११ वर्षं ८ महिने. हिशोबात मिळालं ते असं: एक महिन्याचा नोटीस पगार २०,०००, ग्रॅच्युइटी ९६,९२३ आणि ‘भरपाई व सानुग्रह’ म्हणून एकरकमी २,५०,०००. कंपनीने फॉर्म १६ मध्ये (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) हे अडीच लाख सगळेच करपात्र धरलेत. ऑक्टोबरपासून ईएसआयकडून (कर्मचारी राज्य विमा) महिना साधारण १०,००० बेकारी भत्ता सुरू झाला, मार्चपर्यंत ६०,००० आले. बायको दापोलीला माहेरी राहते, घटस्फोट झालेला नाही. कोर्टाच्या आदेशाने महिना ६,००० पोटगी आहे, ३,५०० बायकोची आणि २,५०० नऊ वर्षांच्या मुलीची.

दुसरा शिफ्ट इन्चार्ज. पगार ५५,०००, नोकरी बारा वर्षं, वय ४४. ग्रॅच्युइटीशिवाय कंपनीने १०,००,००० दिले आणि एकूण ५७,२०० टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापला. याचा घटस्फोट २०२२ मध्ये झाला. महिना ८,००० पोटगी भरतो, ५,००० आधीच्या बायकोला आणि ३,००० मुलाला. आधीच्या बायको रत्नागिरीला खासगी शाळेत शिकवतात.

याचं उत्पन्न असं येतं: सहा महिन्यांचा पगार ३,३०,००० अधिक १०,००,०००, वजा प्रमाणित वजावट ७५,०००, म्हणजे १२,५५,०००. वर्षाची पोटगी ९६,००० वजा झाली तर ११,५९,००० राहतात, १२ लाखांच्या आत, आणि कर शून्य. ती वजा होते का? ईएसआयचा भत्ता करपात्र आहे का? आणि पोटगी ज्यांना मिळते त्यांनी ती दाखवायची का?

करकट्टा_चिपळूण

दादा, आकडे दिलेत ते बरं केलंत. पोटगीचं उत्तर आधी: वजा होत नाही. नव्या करपद्धतीत नाही आणि जुन्या करपद्धतीतही नाही. सर्वोच्च न्यायालयाचा सीतलदास तीरथदास निकाल, (१९६१) ४१ आयटीआर ३६७ (इथे आयटीआर म्हणजे कराच्या निकालांचा संग्रह), नेमका याच मुद्द्यावर आहे. तिथेही कोर्टाच्या हुकूमनाम्याने बायको-मुलांना द्यावी लागणारी रक्कम उत्पन्नातून वगळा अशी मागणी होती. न्यायालयाने म्हटलं की उत्पन्न आधी तुमच्या हातात आलं आणि मग तुम्ही ते एका बंधनापोटी खर्च केलं, म्हणून कर तुमच्यावरच. पैसा तुमच्या हातात येण्याआधीच कायद्याने दुसऱ्याचा झाला असेल, तरच तो वगळला जातो. कंपनी कोर्टाच्या आदेशाने पगारातून पोटगी परस्पर कापत असली तरी फॉर्म १६ मध्ये पगार पूर्णच येतो, आणि ते बरोबर आहे. कोणी एजंट ही रक्कम भलत्याच वजावटीत घालून रिफंड काढून देतो म्हणाला तर त्याला फाइल देऊ नका. नोटीस आली की दंड एजंटला नाही, करदात्याला बसतो.

आता ऑपरेटर. छाटणीच्या भरपाईला कलम १०(१०बी) ची सूट आहे. ती तीन आकड्यांतल्या सर्वांत लहान आकड्याएवढी मिळते: प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५एफ प्रमाणे बसणारी रक्कम आणि ५,००,०००. कपात सप्टेंबर २०२५ मधली आहे, नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, म्हणून इथे जुना कायदाच धरायचा. २५एफ म्हणजे प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, आणि सहा महिन्यांच्या वरचा तुकडा म्हणजे आणखी एक वर्ष. ११ वर्षं ८ महिन्यांची १२ वर्षं झाली. सरासरी पगार शेवटच्या तीन पूर्ण महिन्यांचा घ्यायचा. इथे पुष्कळ जण चुकतात: ग्रॅच्युइटीच्या सवयीने महिन्याचा पगार २६ ने भागून १५ ने गुणतात. २६ चा भाग ग्रॅच्युइटी कायद्यापुरता आहे. २५एफ ला १५ दिवस म्हणजे सरळ अर्धा महिना, १०,०००. बारा वर्षांचे १,२०,०००. एवढे करमुक्त, उरलेले १,३०,००० पगाराच्या रकान्यात करपात्र.

ग्रॅच्युइटी १४,००० × १५ ÷ २६ × १२ बरोबर जुळते, सगळी करमुक्त. नोटीस पगाराला कसलीच सूट नाही. या सुटी नव्या पद्धतीतही चालतात. नव्या पद्धतीत घरभाडे भत्ता, एलटीए (प्रवास भत्ता) अशांच्या सुटी जातात, १०(१०) म्हणजे ग्रॅच्युइटीची आणि १०(१०बी) या सुटी जात नाहीत.

फॉर्म १६ मध्ये कंपनीने सूट दिली नाही म्हणून ती बुडत नाही. रिटर्नमध्ये पगाराखाली ‘कलम १० खालील सूट’ निवडताना १०(१०बी) चं पहिलं परंतुक घ्या आणि १,२०,००० लिहा. दुसरं परंतुक केंद्राने मंजूर केलेल्या योजनांसाठी आहे, ते चुकून निवडलं जातं. कपातीची नोटीस, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगार स्लिपा आणि हिशोबाचा कागद जपून ठेवा. फॉर्म १६ आणि रिटर्न यांत फरक दिसला की विभाग विचारतो.

ईएसआयच्या भत्त्याबद्दल. घेणाऱ्याच्या हातात हा भत्ता करमुक्त आहे असं सांगणारं वेगळं कलम १९६१ च्या कायद्यात नाही. १०(२५ए) दाखवतात काही जण, पण ती सूट ईएसआय फंडाच्या स्वतःच्या उत्पन्नाला आहे, भत्ता घेणाऱ्या कामगाराला नाही. यावर टीडीएस कापला जात नाही आणि तो फॉर्म १६ मध्येही येत नाही. मी तो ‘इतर स्रोत’ मध्ये दाखवायला सांगते, कारण त्याने कर वाढत नाही आणि बँक खात्याशी मेळ बसतो. जोडून बघा: पगार १,२०,०००, नोटीस पगार २०,०००, करपात्र भरपाई १,३०,०००, वजा ७५,०००, अधिक भत्ता ६०,०००. एकूण २,५५,०००. नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत दरच शून्य आहे.

शिफ्ट इन्चार्जवर संध्याकाळी वेगळं लिहिते. तिथे पैसे वाचण्याची खरी जागा पोटगी नाही.

वकील_दापोली

कराचं ताईंनी सांगितलंच आहे. पोटगीच्या बाजूने दोन-तीन गोष्टी आत्ताच केल्या पाहिजेत, कारण त्या उशिराने केल्या की भरून निघत नाहीत.

नोकरी गेली म्हणून पोटगीचा हप्ता आपोआप थांबत नाही, कमीही होत नाही. आदेश जुन्या फौजदारी संहितेच्या कलम १२५ खालचा असो की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ खालचा, परिस्थिती बदलली असेल तर १४६ खाली (पूर्वीचं १२७) रक्कम बदलून मागण्याचा अर्ज करावा लागतो. तोवर थकबाकी जुन्याच दराने चढते. कपातीची नोटीस, ईएसआयचा भत्ता सुरू झाल्याचा कागद, बँक स्टेटमेंट आणि नोकरी शोधत असल्याचे पुरावे अर्जाला लावा. सहा महिने गप्प बसून मग ‘काम नव्हतं’ सांगितलं तर न्यायालय पहिलं हेच विचारतं की तेव्हाच अर्ज का केला नाही. आणि अर्ज चालू असताना जमेल तेवढी रक्कम भरत राहावी, निदान मुलांची तरी. लेकराची शाळेची फी बापाच्या प्लांटबरोबर बंद होत नाही.

दुसरं, रिटर्न आणि कोर्टातलं शपथपत्र. रजनीश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मालमत्ता आणि उत्पन्नाचं सविस्तर शपथपत्र द्यावं लागतं. त्यात पगार, ठेवी, कर्ज, विवरणपत्रं सगळं येतं. ऑपरेटरने रिटर्नमध्ये २,५५,००० दाखवले आणि शपथपत्रात फक्त ‘बेकार, महिना १०,०००’ लिहिलं, तर समोरचा वकील फॉर्म १६ पुढे ठेवून अडीच लाखांची भरपाई आणि ९६,९२३ ची ग्रॅच्युइटी कुठे गेली ते विचारणार. करमुक्त म्हणजे लपवायची रक्कम नव्हे. दोन्ही कागदांवर तेच आकडे असू द्या, आणि भरपाईतून कुठलं कर्ज फेडलं, किती उरलं हे तारखांसह सांगा. भरपाई एकदाच मिळते, ते महिन्याचं उत्पन्न नाही, ही बाजू न्यायालयाला पटवता येते. लपवलेली रक्कम सापडली की मग काहीच पटवता येत नाही.

तिसरं, ईएसआयचा भत्ता जप्त होईल का असं विचारतात. ईएसआयच्या कायद्याप्रमाणे हा लाभ दुसऱ्याच्या नावे करता येत नाही आणि हुकूमनाम्याच्या वसुलीत जप्त होत नाही. ग्रॅच्युइटी आणि पीएफला त्यांच्या त्यांच्या कायद्यात असंच संरक्षण आहे. पण याचा अर्थ पोटगीचं देणं माफ झालं असा कोणी घेऊ नये. देणं उभंच राहतं.

पोटगी रोख देऊ नका. बँकेतून किंवा यूपीआयने द्या आणि शेऱ्यात ‘मुलीची पोटगी, एप्रिल २०२६’ असं दर वेळी लिहा. बायकोची आणि मुलीची रक्कम दोन वेगळ्या व्यवहारांत गेली तर फारच उत्तम. पुढे कराच्या बाजूलाही हा फरक लागतो.

मांडवी_बंदर

व्हॉट्सॲपवर एक इंग्रजी मजकूर फिरतोय: ‘चाइल्ड सपोर्टवर कर नाही, बेकारी भत्त्यावर कर आहे’. तो अमेरिकेच्या कायद्याचा आहे, आपल्याकडे कोणी लावू नका. तिथे राज्य सरकारकडून मिळणारा बेकारी भत्ता केंद्रीय आयकराला पूर्ण पात्र असतो. वर्ष संपलं की १०९९-जी नावाचा फॉर्म येतो, आणि आधीच डब्ल्यू-४व्ही भरून दिला तर १० टक्के कर कापून भत्ता मिळतो. तो कापून घेतला नाही की एप्रिलमध्ये कर एकदम भरावा लागतो, म्हणून तिकडे यावर एवढी चर्चा. मुलाचा सपोर्ट घेणाऱ्याचं उत्पन्न नाही आणि देणाऱ्याला वजावट नाही. बायकोची पोटगी २०१८ संपेपर्यंतच्या करारांत देणाऱ्याला वजा मिळायची आणि घेणारीला करपात्र होती. २०१९ पासूनच्या करारांत दोन्ही बंद. मूल कोणाच्या रिटर्नवर अवलंबित म्हणून येणार हे मूल कोणाकडे राहतं त्यावर ठरतं, आणि तो हक्क दुसऱ्या पालकाला द्यायचा तर फॉर्म ८३३२ लागतो.

कोणाचा मुलगा, भाऊ तिकडे असेल तर त्यांच्यासाठी लिहिलं. महाडच्या कामगाराला यातलं काहीही लागू नाही.

करकट्टा_चिपळूण

शिफ्ट इन्चार्जचं.

कंपनीने कापलेले ५७,२०० गणिताने बरोबर आहेत. १२,५५,००० वर नव्या दराने कर ६८,२५० होतो: ४ ते ८ लाखांवर २०,०००, ८ ते १२ वर ४०,००० आणि वरच्या ५५,००० वर १५ टक्क्यांनी ८,२५०. पण १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न आहे त्यापेक्षा जास्त कर घ्यायचा नाही असा सीमांत सवलतीचा नियम आहे, म्हणून ५५,०००, आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून ५७,२००.

प्रश्न हा की दहा लाखांना १०(१०बी) ची सूट का नाही दिली. कंपनीने त्याला ‘सुपरवायझर’ धरलं म्हणून. औद्योगिक विवाद कायद्यात देखरेखीचं काम करणारा आणि महिना १०,००० पेक्षा जास्त पगार असणारा माणूस ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाही, आणि ही सूट कामगारालाच आहे. पण व्याख्या हुद्द्यावर ठरत नाही, प्रत्यक्ष कामावर ठरते. नाव शिफ्ट इन्चार्ज असलं तरी माणूस स्वतः पॅनेलवर बसून रिॲक्टर चालवत असेल, रजा मंजूर करण्याचा, कोणाला मेमो देण्याचा अधिकार त्याला नसेल, तर तो कामगार ठरू शकतो. कागद बघा: कंपनीने त्याला कपातीची नोटीस २५एफ खालीच दिली का, कपातीआधी लावलेल्या ज्येष्ठता यादीत त्याचं नाव होतं का, नेमणूक पत्रात काय काम लिहिलंय, ओव्हरटाइम मिळत होता का. युनियनच्या करारात त्याची श्रेणी असेल तर तो सर्वांत भक्कम पुरावा.

तो कामगार ठरला तर आकडा असा बदलतो: अर्धा महिना २७,५००, बारा वर्षांचे ३,३०,००० करमुक्त. उत्पन्न ९,२५,००० वर येतं, १२ लाखांच्या आत, कलम ८७ए ची (१२ लाखांपर्यंत कर शून्य करणारी) सवलत पूर्ण, कर शून्य, आणि ५७,२०० परत. उलट तो खरोखर देखरेख करणारा असेल, माणसांच्या पाळ्या लावत, रजा देत असेल, तर ही सूट मागू नका. विभागाने पुरावा मागितल्यावर कंपनीकडचं उत्तर याच्या विरुद्ध गेलं तर कर, व्याज आणि दंड असं तिन्ही येतं.

आता कलम ८९ (एकरकमी पैशामुळे एका वर्षात जास्त कर बसला तर मिळणारी सवलत) आणि ती मागायचा फॉर्म १०ई. ‘एकरकमी मिळालं की १०ई भरा’ असं सरसकट सांगितलं जातं. नियम २१ए प्रमाणे किमान तीन वर्षं सलग नोकरी झालेली आणि मुदतीतली किमान तीन वर्षं शिल्लक असलेली लागतात. तेवढं इथे आहे. पण गणित करून बघा. यंदा सरासरी दर ५७,२०० भागिले १२,५५,०००, म्हणजे ४.५६ टक्के. भरपाईचा एक तृतीयांश, ३,३३,३३३, मागच्या तीन वर्षांत प्रत्येकी मिळवायचा. २०२४-२५ मध्ये पगार ६,६०,००० वजा ७५,००० अधिक हा हिस्सा म्हणजे ९,१८,३३३. त्यावर त्या वर्षीच्या नव्या दराने उपकरासह ४३,५०७, सरासरी ४.७४ टक्के. त्याआधीच्या दोन वर्षांत दर आणखी चढे होते, कुठल्याही पद्धतीने केलं तरी. मागच्या वर्षांची सरासरी यंदापेक्षा जास्त आली की ८९ ची सवलत शून्य. यंदाचे दर उतरल्यामुळे असं होतंय. भरपाई याच्या दुप्पट असती तर गोष्ट वेगळी.

महाड_कामगार_मदत

ताई, मोठं काम झालं. ज्येष्ठता यादी मिळवतो. मग पोटगी घेणाऱ्यांचं काय? शाळेतल्या बाई विचारतात की ५,००० दाखवायचे का. आणि इन्चार्ज चार लाख एकदम देऊन महिन्याचा हप्ता संपवायचा विचार करतोय. ऑपरेटरला मुलीच्या नावाने एक लाखाची एफडी करायची आहे.

करकट्टा_चिपळूण

घटस्फोटानंतर दरमहा मिळणारी स्वतःची पोटगी हे उत्पन्न आहे. एकरकमी मिळालेली भांडवली जमा आहे, तिच्यावर कर नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या प्रतापगडच्या राजकुमारी माहेश्वरीदेवी प्रकरणात, १४७ आयटीआर २५८, असाच फरक केला आहे, आणि आपण त्याच न्यायालयाखाली येतो. म्हणून बाईंनी वर्षाचे ६०,००० ‘इतर स्रोत’ मध्ये दाखवावेत. त्यांचा पगार समजा ३,६०,००० असेल तर वजावटीनंतर २,८५,०००, अधिक ६०,०००, एकूण ३,४५,०००, कर शून्यच.

मुलाचे ३,००० आईचं उत्पन्न नाही. ती रक्कम मुलाच्या हक्काची, आई फक्त सांभाळते. बाप हा मुलाचा नातेवाईक या व्याख्येत बसतो, त्यामुळे ५६(२)(एक्स) खाली ती भेट म्हणूनही करपात्र होत नाही. घटस्फोटित नवरा-बायको मात्र एकमेकांचे नातेवाईक राहत नाहीत, फरक पडतो तो तिथे. म्हणूनच कोर्टाच्या आदेशात दोन रकमा वेगळ्या लिहिलेल्या असणं महत्त्वाचं. ‘पत्नी व मुलास एकत्रित ८,०००’ असा आदेश असला की वाद स्वतःहून ओढवून घेतल्यासारखं होतं.

ऑपरेटरच्या बायकोला काही दाखवायचं नाही. लग्न कायम आहे, नवरा नातेवाईकच आहे.

एफडीची गंमत लोकांच्या लक्षात येत नाही. अज्ञान मुलाच्या नावावरच्या ठेवीचं व्याज पालकाच्या उत्पन्नात मिळवायचं असतं, कलम ६४(१ए). कोणत्या पालकाच्या? लग्न कायम असेल तर ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या. लग्न मोडलेलं असेल तर मूल जो सांभाळतो त्याच्या. ऑपरेटरची मुलगी आईकडे दापोलीला आहे, पण घटस्फोट नाही. म्हणजे बापाचं उत्पन्न जास्त असेल तर व्याज बापाच्या रिटर्नमध्ये, मुलगी कोणाकडे राहते ते इथे बघत नाहीत. इन्चार्जच्या मुलाच्या बाबतीत तेच व्याज आईच्या रिटर्नमध्ये. बँका बहुतेक पालक म्हणून सही करणाऱ्याचा पॅन लावतात, म्हणून दापोलीत आईने सही केली तर व्याज तिच्या वार्षिक माहिती पत्रकात दिसेल आणि कायद्याने यायला हवं बापाकडे. एफडी करतानाच कोणाचा पॅन द्यायचा ते ठरवा. जुन्या पद्धतीत मुलामागे १,५०० ची सूट आहे, नव्यात तीही नाही. असं मिळवलेलं व्याज दाखवायला आयटीआर-२ या रिटर्नच्या फॉर्ममध्ये एसपीआय नावाचं परिशिष्ट आहे.

वकील_दापोली

चार लाख एकदम द्यायच्या विचाराबद्दल. आधीच्या बायकोपुरती एकरकमी तडजोड करता येते, ती लेखी करून कोर्टात नोंदवून घ्या. नुसता स्टॅम्प पेपर करून सोडू नका. मुलाची पोटगी मात्र आईने सोडून दिली तरी मुलाचा हक्क संपत नाही, परिस्थितीप्रमाणे पुढे ती पुन्हा मागता येते. म्हणून मुलाचे ३,००० चालू ठेवून फक्त ५,००० चा भाग मिटवणं शहाणपणाचं. देणाऱ्याला एकरकमी रकमेचीही करात वजावट नाही, हे धरूनच आकडा ठरवा.

कलमवाला_देवगड

यात एक राहिलं. आपल्याकडच्या कामगारांची घरची आंब्याची कलमं असतात. ऑपरेटरच्या हिश्शाची बाग खंडाने दिली असेल आणि त्याचे ८०,००० आले असतील तर? आणि कंत्राटदाराकडचे कामगार ज्यांची तीनच वर्षं झाली त्यांच्या पीएफचं?

करकट्टा_चिपळूण

खंडाचे पैसे शेतीचं उत्पन्न, करमुक्त. पण शेती उत्पन्न ५,००० च्या वर गेलं की आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो. या एका गोष्टीवर आंबेवाल्यांची कितीतरी रिटर्नं चुकीच्या फॉर्मवर जातात. दरासाठी शेती उत्पन्न मिळवणी तेव्हाच होते जेव्हा बाकीचं उत्पन्न सूट मर्यादेच्या, म्हणजे नव्या पद्धतीत ४ लाखांच्या वर असतं. ऑपरेटरचं २,५५,००० आहे, त्यामुळे ८०,००० चा करावर काहीच परिणाम नाही, फक्त फॉर्म बदलतो. स्वतः बाग करत असेल तर फवारणी, खत, राखण, पेट्या, वाहतूक वजा करून निव्वळ रक्कम लिहावी. आमरस करून डबे विकले, किंवा काजू-बी फोडून गर विकला, तर ते सगळं शेतीचं राहत नाही, प्रक्रियेचा भाग व्यवसायात जातो आणि मग आयटीआर-२ ही चालत नाही.

पीएफ: पाच वर्षं सलग नोकरी न होता काढला तर करपात्र, आणि ५०,००० किंवा जास्त असेल तर १० टक्के टीडीएस, पॅन जोडलेला नसेल तर २० टक्के. पण आजारपण, मालकाने धंदा आवरता घेणं किंवा बंद करणं, किंवा कामगाराच्या हातात नसलेल्या इतर कारणाने नोकरी गेली असेल तर पाच वर्षांच्या आतही तो करमुक्त आहे. म्हणून कंत्राटदाराने ‘राजीनामा’ असं लिहून घेतलं का ते बघा. त्या एका शब्दाने पीएफची सूट जाते, छाटणीची सूट जाते आणि ईएसआयच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचा भत्ताही अडतो, कारण तो कपात किंवा कारखाना बंद झाल्यावर मिळतो: दोन वर्षं वर्गणी भरलेली असली तर पहिले बारा महिने सरासरी पगाराच्या ५० टक्के आणि पुढचे बारा महिने २५ टक्के. सही करण्याआधीच पत्रात ‘प्लांट बंद झाल्यामुळे सेवा समाप्ती’ असं लिहून मागा. आधीच्या कंत्राटदाराकडचा पीएफ त्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) हस्तांतरित केला असेल तर ती वर्षंही पाचमध्ये मोजतात, म्हणून काढण्याआधी हस्तांतर करून घ्या.

मुदत ३१ जुलै २०२६. हे रिटर्न २०२५-२६ चं असल्यामुळे १९६१ च्या कायद्याचीच कलमं लागतील. १ एप्रिल २०२६ पासून मिळालेला भत्ता आणि पोटगी पुढच्या वर्षी नव्या आयकर कायद्याखाली येईल, तेव्हा कलमांचे क्रमांक वेगळे असतील. फॉर्म १६ हातात आला की त्यातल्या भाग ब ची प्रत नावं झाकून इथे टाका, १०(१०बी) चा रकाना तपासून देते.